पिना मारलेला धडा

आठव्या धड्यानंतर दहावा धडा येतो, हे त्या शाळेत सगळ्यांना तोंडपाठ होतं. सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आठवा धडा विजेचा आणि दहावा ध्वनीचा. मधली दोन समोरासमोरची पानं एकमेकांना स्टेपलरने जोडलेली असायची. शाळा उघडायच्या आधी एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत सगळ्या बाई गोल करून बसत, चहा पीत, कुणाच्या गुडघ्यांबद्दल आणि कुणाच्या सुनेबद्दल बोलत, आणि बोलता बोलता गठ्ठ्यातलं एकेक पुस्तक ओढून नवव्या धड्याला पिना मारत. कडेला वरून खालपर्यंत, आणि एखादी तळाला. वरची बाजू मात्र मोकळी राहायची, कारण तिथवर येईपर्यंत त्यांना कंटाळा आलेला असे. हे इतकी वर्षं चाललं होतं की नवीन आलेल्या बाईंना कुणी कारणसुद्धा सांगत नसे. हातात स्टेपलर द्यायचा, चहा पुढे करायचा, झालं. धडा शिकवायचा नव्हता तर छापलाच कशाला आणि छापला होता तर झाकायचा कशाला, हे विचारायला तिथे कुणाला फुरसत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ज्यांच्यासाठी ही मूठ भरली होती त्यांच्याच समोर ती झाकलेली होती, हा खरा राग येण्यासारखा भाग.

विचारायला फुरसत असलेली एकच व्यक्ती त्या शाळेत होती, आणि ती सहावीत दुसऱ्या बाकावर बसायची.

वर्गबाईंनी फळ्यावरचं विजेचं मंडल पुसलं, हातावरचा खडू झटकला आणि म्हणाल्या, “उघडा धडा दहा. ध्वनी.”

“बाई, नववा राहिला.”

“तो परीक्षेला नाही.”

“मग पुस्तकात कशाला आहे?”

“वकील आहेस का गं तू? बस खाली.”

वर्ग खो खो हसला आणि त्या दिवसापासून तिचं नाव वकील पडलं. दुसरी एखादी रडली असती. ही मनातून खूश झाली. तिचं म्हणणं असं, की नाव ठेवायचंच आहे तर निदान पगाराचं तरी ठेवावं.

तिच्या शेजारी मुंगी बसायची. वकील सारखी बोलते म्हणून मुंगीला संधी मिळत नाही, की मुंगी बोलत नाही म्हणून वकीलला दोघींचं बोलावं लागतं, हे वर्गबाईंनाही कधी उलगडलं नाही. मुंगी प्रश्नाचं उत्तर द्यायला उभी राहिली तर तिचे फक्त ओठ हलताना दिसत. पण नकाशा काढायला बसली की तिला तोड नव्हती. समुद्राची किनार ती पेन्सिल न उचलता काढायची, सगळ्या खाचाखोचांसकट. पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत नकाशांची वेगळी खोली आहे, तिथे भिंतीएवढे नकाशे गुंडाळून उभे केलेत, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून तिला ती खोली बघायची होती. आयुष्याकडून तिचं एवढंच मागणं होतं, आणि तेसुद्धा तिने फक्त वकीलच्या कानात सांगितलेलं.

आता कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? मधल्या सुट्टीत वर्गातल्या प्रत्येकाने ती दोन पानं कधी ना कधी हुंगून पाहिली होती. वकीलने पद्धत शोधून काढली. मुंगीने पुस्तक दोन्ही हातांनी दाबायचं म्हणजे जोडलेली पानं पिशवीसारखी फुगायची. मग वरच्या मोकळ्या बाजूने एक डोळा लावायचा. आत अंधार, शाईचा वास, आणि डावीकडच्या पानावर ओळींची फक्त शेपटं दिसायची.

“काय दिसतंय?” मुंगीने ओठ हलवले.

“अचानक रक्त,” वकील वाचू लागली. “मग खाली... पोटात दुखते. त्याच्या खाली... घाबरून. आणि एकदम शेवटी... डॉक्टर.”

उजव्या पानावर ओळींची डोकी होती. त्यातलं एकच नीट वाचता आलं. घोगरा होतो.

झालं. आधी रक्त, मग पोट, मग आवाज जातो आणि शेवटी डॉक्टर. एखादा भयंकर रोग असणार, आणि तो मुलांना होतो म्हणूनच मोठी माणसं लपवतात, असा निकाल वकीलने त्याच सुट्टीत दिला. वर्गाने तो मानला. त्याला नाव पडलं नवव्याचा रोग. कुणी चार दिवस आलं नाही की मागच्या बाकावरून कुजबुज व्हायची, नवव्याचा झाला वाटतं. मागच्या बाकावर भोंगा बसायचा. त्याचा आवाज दोन वर्ग पलीकडे ऐकू जायचा म्हणून तो भोंगा. हल्ली तो आवाज मध्येच चिरकायचा आणि मध्येच विहिरीतून आल्यासारखा यायचा. घोगरा होतो हे ऐकल्यावर त्याचं धाबं दणाणलं. तो सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करू लागला आणि कुणाला काही बोलला नाही.

एक लक्षात घ्या. या मुलांना शनीभोवतीची कडी कशाची असतात ते ठाऊक होतं. ज्वालामुखी का फुटतो, बेडकाच्या हृदयाला कप्पे किती, अपूर्णांकाला अपूर्णांकाने कसं भागायचं, सगळं ठाऊक होतं. पृथ्वीच्या पोटात काय आहे याची आकृती त्यांनी रंगवून भिंतीवर लावली होती. स्वतःच्या पोटात काय चाललंय, एवढं सोडून प्राथमिक शाळेने त्यांना सगळं शिकवलं होतं.

भूगोलाच्या तासाला बाईंनी नकाशे जमा करायला सांगितले. मुंगी उठली आणि लगेच परत बसली. तिचा चेहरा खडूसारखा झाला होता.

“काय गं?”

“मला झाला.”

“काय झाला?”

“नवव्याचा.”

वकीलने बाकाकडे पाहिलं, आणि जी मुलगी पंख्याच्या वेगावरून शिपायाशी वाद घालायची ती या वेळी काही विचारत बसली नाही. तिला एकच सुचलं. आपला स्वेटर काढून तिने मुंगीच्या कमरेला बांधला आणि हात वर केला. “बाई, हिच्या पोटात खूप दुखतंय.”

वर्गबाई जवळ आल्या. त्यांनी स्वेटर पाहिला, मुंगीकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. समजलं हे वकीलला स्पष्ट दिसलं. “घरी जा,” बाई हळूच म्हणाल्या, “आईला सांग.” मुंगी गेल्यावर त्यांनी टेबलावरचं डस्टर घेतलं, वर्गाकडे पाठ करून बाक स्वच्छ पुसला, डस्टर कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि समुद्रकिनाऱ्यांचे प्रकार सांगू लागल्या. त्या मनाने वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर वकीलला एवढा राग आला नसता.

मुंगी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही आली नाही. आठवडा उलटला.

“बरी नाही ती,” वर्गबाई म्हणाल्या.

“काय झालंय?”

“होईल बरी. तू गणितं कर.”

वकीलची आई घरीच मशीनवर पिशव्या शिवायची. वकीलने तिथे खडा टाकून पाहिला. “आई, एखादीला अचानक रक्त आलं तर ती मरते का?”

आईचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला. “कुणी सांगितलं तुला?”

“कुणीच सांगत नाही, म्हणून तर विचारतेय.”

“मोठी झालीस की कळेल.”

“मुंगी मोठी झाली का मग? ती माझ्यापेक्षा दोन बोटं बुटकी आहे.”

आईला हसू आलं. तिने ते दाबलं आणि मशीन जोरात सुरू केलं. मोठ्या माणसांची ही अळीमिळी गुपचिळी वकीलला चांगलीच ओळखीची झाली होती. एकाचं तोंड उघडावं म्हटलं तर त्याची चावी दुसऱ्याकडे. वकीलने दप्तर उचललं आणि ती मुंगीच्या घरी गेली.

मुंगीची आई लॉजच्या चादरींना इस्त्री करायची. तळमजल्यावरची एकच लांब खोली, मध्ये घोंगड्या अंथरलेलं टेबल, एका बाजूला चुरगळलेल्या चादरींचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला घड्यांची भिंत. खोलीत कायम वाफ आणि गरम कापडाचा वास. वकील आत आली तेव्हा मुंगी डोंगराच्या बाजूला उभी होती. ती आजारी दिसत नव्हती. ती फक्त विझल्यासारखी दिसत होती.

“काकू, मुंगी कधी येणार शाळेत?”

इस्त्री थांबली नाही. “नाही येणार आता.”

“आता म्हणजे?”

“आता म्हणजे आता. आज ना उद्या पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत जावं लागणार. त्या वाटेवर माणसं कशी बघतात ते मला माहितीये. ती लहान राहिली नाही. मलाही याच वयात घरी बसवलं होतं. काही अडलं का माझं?”

काही अडलं का माझं, हे त्यांनी ज्या सुरात विचारलं त्यावरून बरंच अडलं होतं. पण असं तोंडावर कसं म्हणणार?

“उभी आहेस तर टोक धर,” काकू म्हणाल्या.

चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग चालत जवळ यायचं आणि टोकं एकीच्या हातात द्यायची. वकीलने टोकं धरली. दोघी जवळ आल्या, हाताला हात लागला, तेव्हा मुंगीचे ओठ हलले.

“मी मरणार का?”

वकील मागे सरकली, चादर ताणली, पुन्हा जवळ आली.

“आई म्हणते, होतं असं. गप्प बस म्हणते.”

पुढची चादर. झटकली, ताणली, जवळ आल्या.

“थांबलं होतं. पण परत येईल म्हणते.”

आणखी एक चादर. त्या वेळी मुंगीने घडीबरोबर तिच्या हातात काहीतरी कठीण दिलं. तिची कंपासपेटी होती. झाकणावर आतल्या बाजूने तिने समुद्राची किनार कोरलेली, ती वकीलला माहीत होती.

“घे तू. मला काय करायचीय आता.”

मुंगीच्या मोजक्या वस्तूंमध्ये ही एकच तिची स्वतःची होती. ती द्यायला निघाली म्हणजे तिने मनातल्या मनात सगळं आवरून ठेवलं होतं. वकीलचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच संताप आला. याला रोग म्हणून नाव कुणी दिलं? निकाल कुणी दिला? तिनेच. शेपटं बघून तिने सगळा प्राणी सांगितला होता.

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. दप्तरातून विज्ञानाचं पुस्तक काढलं, मुंगीच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं आणि त्याचं टोक पहिल्या पिनेखाली घातलं. पिन गंजली होती. ती निघाली तसा पानावर तिचा तांबूस ओरखडा राहिला. मग दुसरी. शेवटची निघेना तेव्हा वकीलने ती दातांनी ओढली. पानं उलगडली. ती इतकी कोरी करकरीत होती, जणू त्यांना कधी हवाच लागली नव्हती.

वकील वाचत गेली. वाचून होईपर्यंत समोर संध्याकाळचं दुकान उघडणाऱ्या दुकानदाराची एक फळीसुद्धा काढून झाली नव्हती, एवढा छोटा धडा. आधी तिला इतकं हलकं वाटलं की ती एकटीच हसली. मग तळपायाची आग मस्तकात गेली. एवढंच? एवढ्यासाठी तिची मैत्रीण मरणाची तयारी करत चादरींच्या घड्या घालत होती?

ती तशीच आत गेली आणि उंबरठ्यावर उभी राहून, कुणाला काही न विचारता, मोठ्याने वाचू लागली.

“या वयात मुलींना एखाद्या दिवशी अचानक रक्त गेलेले दिसते. हे दर महिन्याला होते. काही जणींच्या पोटात दुखते. हा आजार नाही. घाबरून जाण्याचे कारण नाही. शरीर वाढते आहे, एवढाच त्याचा अर्थ. या दिवसांत शाळेत जाणे, खेळणे, धावणे, सर्व काही करता येते. खूपच त्रास झाला तर डॉक्टरांना विचारावे.”

मुंगीच्या हातातली चादर खाली पडली. काकू इस्त्री उचलून तशाच उभ्या होत्या. त्यांनी इस्त्री उभी ठेवली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. दिवसाउजेडी त्या खोलीतली इस्त्री बंद झालेली मुंगीने कधी पाहिली नव्हती.

“पुन्हा वाच,” काकू म्हणाल्या.

“सगळं?”

“पहिल्यापासून.”

वकीलने पुन्हा वाचलं. ‘शाळेत जाणे’ या शब्दांशी आली तेव्हा तिने मुद्दाम काकूंकडे पाहिलं, वकीलच ती. पण काकूंचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्या पुस्तकाकडे बघत होत्या.

“हे छापलंय?” त्यांनी विचारलं. “सहावीच्या पुस्तकात?”

“हो, काकू. पिना मारल्या होत्या.”

“कुणी?”

“बाईंनी. सगळ्यांनी मिळून. दर वर्षी मारतात.”

काकू स्टुलावर बसल्या. “मी तेव्हा ट्रंकेमागे लपून बसले होते,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं माझ्या हातून काहीतरी पाप झालं. माझ्या आईने एक फडकं अंगावर टाकलं आणि माझं दप्तर माळ्यावर. का, ते सांगितलं नाही. मला वाटायचं, तिलाच ठाऊक नसेल. पण माझ्याही पुस्तकात हे असणार. असणारच की! माझ्याही पुस्तकात दोन पानं चिकटलेली होती.” त्या थांबल्या. “आणि मी काय केलं? मीही माझ्या पोरीला फडकंच दिलं.”

मुंगी आईकडे बघत राहिली. तिला एवढं सलग बोलताना तिने पहिल्यांदा ऐकलं होतं.

काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि त्यांचा आवाज बदलला. “उद्या शाळेत जायचं. पुढे मोठ्या शाळेच्या वाटेचं काय ते मी बघते, मी येईन पुलापर्यंत. आणि हा धडा वर्गात मोठ्याने वाचल्याशिवाय घरी यायचं नाही. मुलगेही ऐकू देत.”

“मी वाचते, काकू,” वकील म्हणाली.

“तू नाही. तू वाचलंस तर म्हणतील, हिला बोलायची खोडच आहे. ही वाचेल.”

मुंगीचा चेहरा पुन्हा खडूसारखा झाला.

दुसऱ्या दिवशी मुंगी शाळेत आली आणि मधल्या सुट्टीत कर्कटक बाकावरून बाकावर फिरलं. वकील दाखवत होती, टोक असं घाल, पान फाडू नकोस, पिना इकडे दे. गंजलेल्या पिनांचा ढीग कंपासपेटीच्या झाकणात जमत गेला, मुंगीच्या समुद्रावर. मुलं डोकी पुस्तकात खुपसून वाचत होती आणि आधी जी खुसखुस झाली ती दुसऱ्या परिच्छेदापर्यंत बंद पडली. फक्त भोंगा उजव्या पानावर बोट ठेवून उभा राहिला.

“मुलांचा आवाज घोगरा होतो,” त्याने वाचलं आणि नेमका तिथेच त्याचा आवाज चिरकला. “काही दिवसांत तो आपोआप... म्हणजे? म्हणजे मी उगाच मिठाच्या गुळण्या करत होतो?”

वर्ग एवढा हसला की मोठ्या बाई आपल्या खोलीतून उठून आल्या.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या ओरडत नसत. त्यांना ओरडावं लागतच नसे. त्यांनी झाकणातल्या पिना पाहिल्या, बाकांवरची उघडी पुस्तकं पाहिली. मागोमाग धावत आलेल्या वर्गबाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या.

“कुणाचा उद्योग?”

वकील उठली. “माझा. पण पुस्तक आमचं आहे, बाई.”

“पुस्तक तुमचं. शाळा माझी.”

“मग धडा कुणाचा?”

वर्गबाईंनी डोळे मिटले. मोठ्या बाईंनी दाराकडे बोट केलं. “दारात जाऊन उभी राहा. शाळा सुटेपर्यंत तिथून हलायचं नाही. उद्या आईला घेऊन ये.” मग त्या वर्गबाईंकडे वळल्या. “सगळ्या पुस्तकांना परत पिना मारा. आत्ताच्या आत्ता. मी येऊन बघते.” आणि गेल्या.

वकील दारात उभी राहिली. तिथून तिला अख्खा वर्ग दिसत होता आणि काहीच करता येत नव्हतं. वर्गबाईंनी खणातून स्टेपलर काढला आणि पहिल्या बाकापासून सुरुवात केली. पहिल्या बाकावरच्या मुलीने पुस्तक मिटून मुकाट्याने पुढे केलं. कटक. कटक. शेजारच्या मुलीने केलं. कटक. आत्तापर्यंत हसणारी, वाचणारी, डोळे मोठे करणारी मुलं मेंढरांसारखी पुस्तकं पुढे करत होती. वकीलला ओरडावंसं वाटलं. पण ती ओरडली असती तर तिला दारातूनही हाकललं असतं आणि पुढचं बघताही आलं नसतं.

बाई दुसऱ्या बाकाशी आल्या. वकीलची जागा रिकामी होती. तिचं पुस्तक त्यांनी स्वतःच ओढून बंद केलं. कटक. मग मुंगीकडे हात केला.

मुंगीचं पुस्तक उघडंच होतं. तिने त्यावर आपला पंजा पालथा ठेवला.

“हात काढ.”

मुंगीची मान खाली. हात तिथेच.

“मुंगे, पिन लागेल.”

“लागू दे.”

ते शब्द दारापर्यंत ऐकू आले. मुंगीचा आवाज असा आहे हे वर्गातल्या निम्म्या मुलांना त्या क्षणी कळलं. वर्गबाईंच्या हातातला स्टेपलर पुस्तकाच्या कडेवर उघडा राहिला.

“बाई,” मुंगी म्हणाली. “मला वाटलं मी मरणार. मी रोज रात्री झोपायला घाबरायचे. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही बाक पुसलात. तुम्ही मला एवढं एकच सांगायचं होतं.”

मग मागच्या बाकावर भोंग्याने आपलं पुस्तक धाडकन उघडलं आणि त्यावर आपला रुंद पंजा ठेवला. त्याच्या शेजारच्याने ठेवला. पलीकडच्या रांगेतल्या दोघींनी ठेवले. पहिल्या बाकावरची ती मुकाट मुलगी नखांनी आपली पिन उचकटू लागली, आणि नख मोडलं तशी रागावून दातांनी.

वर्गबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. त्यांना रागावायचं होतं, पण त्यांचे डोळे भरले होते, आणि डोळे भरलेल्या माणसाला रागावता येत नाही. त्यांनी स्टेपलर मिटला. मग त्या वकीलच्या रिकाम्या जागेवर, मुंगीच्या शेजारी बसल्या. छोट्या बाकात त्यांचे गुडघे मावेनात.

“उभी राहून वाच,” त्या म्हणाल्या. त्या रोज म्हणत तसंच. “मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”

मुंगी उभी राहिली. पहिली ओळ कुणालाच ऐकू गेली नाही. दुसरी पहिल्या बाकापर्यंत पोहोचली. आणि तेवढ्यात वकीलला व्हरांड्यातून त्या चपलांचा आवाज आला.

मोठ्या बाई दाराशी येऊन थांबल्या. “बाजूला हो.”

“नाही होता येत, बाई. शाळा सुटेपर्यंत हलायचं नाही, तुम्हीच सांगितलंय.”

“आता मीच सांगतेय. हो बाजूला.”

वकीलने दोन्ही हात दाराच्या चौकटीला टेकवले. “सरकेन, बाई, पण थोड्या वेळाने. हा धडा होऊ द्या. छोटाच आहे.”

मोठ्या बाईंनी तिच्या डोक्यावरून आत पाहिलं. बाकात अडकलेल्या वर्गबाई, पुस्तकांवर पालथे पंजे, आणि मध्ये ती उभी राहिलेली मुलगी, जिचं नावही त्यांना चटकन आठवेना. “काय चाललंय हे?” त्यांनी विचारलं.

मुंगीने पुस्तकातून डोळे वर केले. मोठ्या बाईंना पाहिलं आणि ती थांबली. संपलं, वकीलला वाटलं, आता ही बसणार.

मुंगीने पान सरळ केलं, ती ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली आणि आवाज वाढवला.